मित्राच्या श्रमाचे बिल

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या घराण्याची हळदीची पेढी आहे. मी स्वतः पेढीवर कधी बसलो नाही. एम. कॉम. झाल्यावर एका बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झालो. पेढी धाकट्या बंधूंनी सांभाळली, वाढविली, आणि २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांतील हळद पाण्यात गेली त्या वर्षीही पेढीची पत सांभाळून ठेवली. आता त्यांचे चिरंजीव हाताशी आले आहेत. हळकुंडांचा घाऊक व्यापार आहे तसा चालू ठेवून, राजापुरी हळदीची पूड पेढीच्या नावाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी वेबसाइट हवी होती.

पुण्याच्या एका कंपनीने १,२०,००० रुपयांचे दरपत्रक पाठविले. सांगलीतील एका तरुणाने ३५,००० सांगितले. पण त्यात ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय नव्हती. बंधू दोन्ही कागद पुढे ठेवून विचारात पडले होते. तेव्हा मी म्हणालो, "थांबा. माझा एक मित्र आहे."

हे चार शब्द मला पुढे अनेकदा आठवले.

हा मित्र बँकेतलाच. आम्ही दोघे एकाच वर्षी कारकून म्हणून लागलो. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर काही वर्षांत शाखांमध्ये खतावणीची यंत्रे येऊ लागली. आम्ही बाकीचे त्या यंत्रांकडे संशयाने पाहत होतो. युनियनचा विरोध होता, नोकऱ्या जातील अशी भीती होती. हा मात्र सुटीच्या दिवशी शाखेत येऊन यंत्राचे इंग्रजी पुस्तक वाचत बसे. पुढे तो संगणक विभागात गेला आणि मी कर्ज विभागात. निवृत्तीनंतर मी व्याख्याने ऐकू लागलो. तो वेबसाइट बनवायला शिकला. एका शाळेची वेबसाइट त्याने आदल्याच वर्षी करून दिली होती. मी त्याला आमच्या पेढीचे काम सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "करू या की." मी विचारले, "किती घेशील?" तो हसला. "आपल्यात कसले पैसे? आधी काम तर होऊ दे."

मी पुन्हा विचारले नाही. छत्तीस वर्षे कर्ज देण्यापूर्वी व्याजाचा दर, मुदत, हप्ता आणि तारण हे सारे कागदावर आल्याशिवाय ज्याने सही केली नाही, त्याने येथे एका हसण्यावर विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर मला तो विश्वास सोयीचा होता.

दसऱ्याला काम सुरू झाले आणि पाडव्याला वेबसाइट उघडली. मधल्या काळात त्याने काय केले हे मी जवळून पाहिले आहे. हळकुंडांचे छायाचित्र पिवळे न दिसता तपकिरी दिसते म्हणून त्याने दोन दिवे विकत आणून आमच्याच गोदामात फोटो काढले. मराठी अक्षरे संगणकावर नीट आणि मोबाइलवर तुटकी दिसत. ते दुरुस्त करायला चार दिवस गेले. अन्नसुरक्षेचा चौदा अंकी परवाना क्रमांक कोठे छापायचा, पार्सल हरवल्यास पैसे किती दिवसांत परत द्यायचे, गिऱ्हाइकाने पैसे भरले पण ऑर्डरचा निरोप आमच्याकडे आलाच नाही तर काय करायचे, असले प्रश्न आमच्या पेढीत कोणाला सुचलेही नव्हते. ते त्याने विचारले, उत्तरे मिळेपर्यंत पाठपुरावा केला आणि मिळालेली उत्तरे पानांवर बसविली.

पाडव्याला पेढीवर छोटा समारंभ झाला. बंधूंनी त्याला शाल, श्रीफळ आणि चांदीचे नाणे दिले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. बंधू सर्वांना सांगत होते, "पुण्याचे लोक सव्वा लाख मागत होते. अण्णांनी फुकटात करून आणले." अण्णा म्हणजे मी. मी त्या वेळी संकोचल्यासारखे केले. पण मनातून सुखावलो होतो, हे येथे कबूल करतो. शाल खांद्यावर घेऊन मित्र शेजारीच उभा होता.

समारंभानंतर काम संपले असे आम्ही मानले होते. ते संपले नाही. कोणी ना कोणी रोज काहीतरी सुचवीत असे. अर्धा किलोचे पाकीट वाढवा, दर बदला, पहिल्या पानावरचा रंग आईला आवडला नाही. पुतण्या मनाने वाईट नाही. परंतु ज्याचे पैसे मोजावे लागत नाहीत त्या कामाला शेवट नसतो, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. त्याचे निरोप व्हॉट्सअॅपवर रात्री दहानंतर जात आणि सकाळपर्यंत बदल झालेला असे. आम्हा सर्वांना वाटे, किती तत्पर माणूस आहे!

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मी सहज त्याच्या घरी गेलो. आतल्या खोलीत दिवा मंद होता आणि तो एक डोळा जवळजवळ मिटून संगणकावर काहीतरी करीत होता. आठ दिवसांपूर्वी त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. मला ते ठाऊक नव्हते. वहिनींनी चहा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलंय. पण तुमच्या दुकानाचं काम म्हटल्यावर हे नाही म्हणत नाहीत. उद्याची जाहिरात पहिल्या पानावर लावायची आहे म्हणे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते.

घरी येताना मी पायीच आलो. बँकेत खातेदाराची आज्ञा असल्याखेरीज त्याच्या खात्यातून एक रुपयाही दुसऱ्याकडे वळविता येत नाही. ही आज्ञा नसताना रक्कम वळविणाऱ्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई होते हे मी पाहिले आहे. आणि येथे मी काय केले होते? माझा मित्र होता तो माझा. पेढी बंधूंची, नफा पेढीचा. त्याने मैत्रीपोटी जे मला दिले, ते मी परस्पर पेढीच्या खात्यात जमा केले आणि 'अण्णांनी फुकटात आणले' हे श्रेय स्वतःच्या नावे लावून घेतले. दाता तो, लाभार्थी बंधू, आणि पुण्य मात्र माझ्या पदरात.

पाठशाळेत असताना अचौर्य अणुव्रताचे अतिचार आम्हांला पाठ करावे लागत. त्यांत तत्त्वार्थसूत्रातील 'हीनाधिकमानोन्मान' हा शब्द उच्चारताना जीभ अडखळे. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणे, असा त्याचा अर्थ गुरुजी सांगत. तो अतिचार तराजू हातात धरणाऱ्यांसाठी आहे, पगारदाराचा त्याच्याशी काय संबंध, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले. त्या रात्री तसे वाटले नाही.

वाचकांनी असे समजू नये की या बाबतीत मी अजाण होतो. निवृत्त झाल्यापासून नात्यातील कितीतरी जणांचे प्रकल्प अहवाल मी फुकट करून दिले आहेत. एका चुलत मेहुण्यांच्या बेदाण्याच्या शीतगृहाचा अहवाल तर चार वेळा बदलून दिला. कर्ज मंजूर झाल्यावर पेढ्यांचा पुडा आला आणि पाठोपाठ पाचव्या बदलाची विनंती. तेव्हा मी घरात किती चिडलो होतो हे सौभाग्यवतींना चांगले आठवते. त्याच वागण्याची पाळी मी मित्रावर आणली होती, आणि माझ्याकडून तर पेढेही गेले नव्हते.

पैसे द्यायचे हे ठरले. किती द्यायचे, हा प्रश्न मात्र मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. कर्ज विभागात असताना तारण मालमत्तेचे मूल्यांकन तीन अंगांनी तपासले जाई. ती उभारण्यास काय खर्च आला, बाजारात तशा मालमत्तेचा भाव काय, आणि तिच्यापासून उत्पन्न किती. सवयीने मी तीच फुटपट्टी लावून पाहिली. उत्पन्नाचा मार्ग आधी घेतला, कारण बंधूंना तोच पटला असता. पहिल्या दोन महिन्यांत वेबसाइटवरून ६३,००० रुपयांची विक्री झाली होती. पाकिटे, कुरिअर व इतर खर्च वजा जाता हाती फारसे काही उरत नव्हते. त्या हिशोबाने मित्राला पाच हजारही देता आले नसते. पण हा हिशोबच चुकीचा आहे, हे थोड्या विचाराने लक्षात आले. यार्डात हळदीचा भाव चढो वा उतरो, पोते उचलणाऱ्या हमालाची हमाली ठरल्याप्रमाणेच द्यावी लागते. भावाची जोखीम मालाच्या मालकाची. ती श्रम करणाऱ्याच्या पाठीवर टाकता येत नाही.

बाजारभावाच्या मार्गात दुसरी अडचण. पुण्याच्या कंपनीच्या सव्वा लाखात तिचे भाडे, पगार आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याची दलाली धरलेली असणार. शिवाय उद्या काही बिघडले तर दुसरा माणूस पाठविण्याची हमीही त्यात होती. मित्राकडे यांतले काही नाही, तेव्हा तेवढी रक्कम देणे हेही योग्य ठरले नसते. आणि ३५,००० च्या दरात निम्मे कामच नव्हते. राहिला खर्चाचा मार्ग, म्हणजे त्याचा वेळ आणि त्या वेळेचा दर. दर मी ठरवू शकत नव्हतो, त्यालाही विचारून उत्तर मिळाले नसते. पण एक तिसरा होता. त्या शाळेने ओळखपाळख नसताना, घासाघीस करून, त्याला ४०,००० रुपये दिले होते आणि त्या कामाला सुमारे शंभर तास लागले होते, हे त्यानेच मला कधीतरी सांगितले होते. तासाला ४०० रुपये. परक्याने खुशीने दिलेला आणि त्याने खुशीने घेतलेला दर, यापेक्षा निर्दोष पुरावा कोणता?

बंधूंशी बोललो तेव्हा ते प्रथम दुखावले. "मित्राला पैसे देणं म्हणजे त्याचा अपमान नाही का, अण्णा? फार तर एकवीस हजार पाकिटात घालून देऊ, सणाचं म्हणून. आणि दर वर्षी त्यांच्याकडे आपली पाच किलो हळद जाते, ती कधी मोजली का आपण?" त्यांचा हळदीचा मुद्दा मला काही क्षण निरुत्तर करणारा वाटला. मग मी विचारले, "ती हळद त्याने मागितली होती का?" बंधू म्हणाले, "छे, आपणच पाठवतो." "आणि वेबसाइट?" ते बोलले नाहीत. पुढे मी म्हणालो की एकवीस हजार ही रक्कम कोठून आली? एकावर शून्ये असलेल्या आकड्याला एक जोडला म्हणजे ती भेट होते, मोबदला नव्हे. आणि भेटीच्या आड मोबदला लपविला की घेणाऱ्याला 'कमी आहे' असे कधी म्हणताच येत नाही. आपल्या यार्डात १९६९ चा माथाडी कायदा येईपर्यंत हमालाचीही स्थिती थोडीफार अशीच होती. मालक देईल ते घ्यायचे, वर सणाला कापड. आज पट्टीवर हमाली, तोलाई वेगळी छापलेली असते म्हणून कोणा हमालाचा अपमान झाला असे आपण म्हणतो काय?

बंधू व्यापारी आहेत. पट्टीचे नाव काढताच त्यांना मुद्दा समजला. कायद्याचे बोलणे त्यांना नको होते, तरी बँकेच्या परीक्षांसाठी घोकलेले कलम मी सांगितलेच. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार मोबदल्याशिवाय केलेला करार सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतो. पण कोणी आपल्यासाठी आपणहून आधीच काही केले असेल आणि नंतर आपण त्याची भरपाई देण्याचे वचन दिले, तर ते वचन २५ व्या कलमाच्या अपवादाने वैध असते. काम होऊन गेल्यावर आता काय ठरवायचे, या सबबीला कायद्यानेही जागा ठेवलेली नाही.

मित्राकडे मी एकटाच गेलो. बिल मागितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "तू मला गिऱ्हाईक समजायला लागलास?"

"पुतण्या तुला रात्री अकराला कामं सांगत होता, तेव्हा तू त्याचा कोण होतास?" मी विचारले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून कपाटातून एक वही काढली. बँकेचा माणूस तो! प्रत्येक दिवसाचे काम तारीखवार लिहिलेले होते. एकूण १६० तास. त्यांतील १८ तास, पैसे स्वीकारण्याची व्यवस्था कशी जोडतात हे तो प्रथमच शिकत होता म्हणून, 'स्वतःचे शिक्षण' असे लिहून त्याने वेगळे काढले होते. आम्ही 'आवडले नाही, पुन्हा करा' किती वेळा म्हटले याचीही नोंद होती. एकोणीस वेळा. वेबसाइटचे नाव, तीन वर्षांची जागा, पानांचा तयार आराखडा आणि ते दोन दिवे मिळून ११,४६० रुपये त्याच्या खिशातून गेले होते, आणि त्याच्या पावत्या शेवटच्या पानाला टाचलेल्या होत्या. इतक्या महिन्यांत त्याने त्याचा उच्चारही केला नव्हता.

मला एवढेच म्हणायचे होते, आणि ते मी जमेल तसे म्हणालो. तू मला सूट दे, हवी तेवढी दे. सगळे माफ केलेस तरी मी घेईन. पण आधी पूर्ण किंमत लिही आणि तिच्याखाली सूट तुझ्या अक्षरात लिही. आजवर सूट मीच घेत होतो, तू दिलेली नव्हतीस.

त्याने त्याच रात्री बिल लिहिले. १४२ तास, ४०० रुपये दराने, ५६,८००. त्याखाली 'मित्रत्वाची सूट' १६,८००. बाकी ४०,०००. प्रत्यक्ष खर्च ११,४६०. एकूण ५१,४६० रुपये. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नाही, अशी टीप खाली होती. मी ते अठरा तास धरण्याचा आग्रह केला. तो त्याने मानला नाही. "ते मला पुढच्या गिऱ्हाइकाकडे उपयोगी पडणार, त्याचे पैसे तुमच्याकडून का घेऊ?" यावर मला काही सुचले नाही.

बिलाबरोबर आणखी एक कागद झाला, आणि व्यापारी वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. वेबसाइटचे नाव मित्राच्या ईमेलवर नोंदलेले होते. ते पेढीच्या नावे करून घेतले. शिवाय १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीचा हक्क, पैसे कोणीही दिले तरी, मुळात लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो सहीनिशी लेखी हस्तांतरित करावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. आमच्यापैकी उद्या एक नसला तर दुसऱ्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे, हा विचार दोघांच्याही मनात होता. उच्चार कोणी केला नाही. अर्ध्या पानात सारे लिहिले. यापुढील देखभालीचे दरमहा १,००० रुपये, काम सांगण्याची वेळ सकाळी अकरा ते एक, आणि सांगणारा एकच माणूस. तो माणूस पुतण्याच आहे. पहिल्या आठवड्यात त्याला जड गेले. आता तो महिन्याची यादी करून एकदम पाठवितो, आणि यादी करताना निम्म्या सूचना स्वतःच खोडतो, असे मित्र सांगत होता.

पैसे पेढीच्या खात्यातून गेले. माझ्या खात्यातून देण्याचा मोह मला झाला होता, कारण चूक माझी होती. पण मग लाभ पेढीने घेतला आणि दाम मी दिले असे झाले असते, म्हणजे पुन्हा तीच गफलत. मित्राशी माझे जे व्हायचे ते अजून थोडे शिल्लक आहे. पूर्वी तो बिनकामाचाही फोन करीत असे. मधले दोन महिने तो आला नाही. गेल्या रविवारी आला. दहा मिनिटे बोललो, निम्मे त्याच्या डोळ्यांविषयी.

यंदाची नवी हळद दळून आली तेव्हा त्याच्या घरचे पाच किलोचे पाकीट नेहमीप्रमाणे बाजूला काढले गेले. मुनीमजींनी मला विचारले, "अण्णा, त्या साहेबांचं बिल जाहिरात खर्चात टाकलंय. ही हळद त्यांच्याच खात्याला दाखवू का?" मी नको म्हणालो. ती बंधूंच्या घरखर्चात लिहिली आहे.